बेकविथांच्या घरी निजलेला जनरल

जिवंत माणसाला लोक प्रतिमा समजतात, ही कल्पना लोककथांत फार जुनी आहे. युरोपातील मध्ययुगीन कथांत मूर्तिकाराच्या बायकोचा प्रियकर, नवऱ्याची चाहूल लागताच, कार्यशाळेतील लाकडी संतांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. अन्यत्र चोर शवपेटीत निजतो आणि स्वतःसाठी म्हटलेल्या प्रार्थना ऐकतो. या कुळातील सर्वांत अलीकडची, आणि माझ्या मते सर्वांत कमी अद्भुत, कथा इंडियानात, ओहायो नदीच्या काठावरील कॅल्डर्स लँडिंग या आमच्या गावी सांगितली जाते. तिचे तीन पाठ मी नोंदवले आहेत. केशकर्तनालयातील पाठात पलंगावरील मनुष्य पूर्णतः विवस्त्र असतो. मेथडिस्ट चर्चच्या तळघरातील पाठात त्याच्या अंगावर कपडे असतात, परंतु एक बाई मूर्च्छित पडते. नदीपलीकडे केंटकीत जो पाठ प्रचलित आहे, त्यात तो मनुष्य मेलेला असतो आणि आमच्या गावकऱ्यांना ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. (केंटकीकरांचे आमच्याविषयीचे मत यावरून स्पष्ट व्हावे.)

चौथा पाठ मी येथे देत आहे. त्याचा निवेदक घटनास्थळी उपस्थित होता, एवढाच त्याचा गुण. एरवी तो तिन्ही पाठांहून निकृष्ट आहे, कारण त्यात कोणी विवस्त्र होत नाही, कोणी मूर्च्छित पडत नाही आणि कोणी मरत नाही. निवेदकाचे नाव वेंडेल स्ट्राउड; व्यवसाय, लोकसाहित्याचे अध्यापन, आता निवृत्त. पलंगावर मीच होतो.

आमच्या गावात घराला मालकाचे नाव मिळत नाही, मागच्या मालकाचे मिळते. आम्ही राहतो ते बेकविथांचे घर. शेवटच्या मिस बेकविथ वारल्या तेव्हा माझे केस काळे होते, आणि केस होते. त्यानंतर आम्ही तेथे संसार केला, मुली वाढवल्या, छप्पर बदलले, तरीही टपालवाला आजही विचारतो, "बेकविथांकडं राहणारे स्ट्राउड ना तुम्ही?" आमचे नाव त्या घराला लागेल, यात शंका नाही, परंतु त्यासाठी आम्ही आधी मेले पाहिजे, किंवा निदान फ्लोरिडाला गेले पाहिजे.

माझी पत्नी लेनोर हिला नावाचा सोस नव्हता. तिला वारसा मंडळाची पितळी पाटी हवी होती. कारण तिने जिन्याचा कठडा खरवडला होता. बेकविथांनी पिढ्यान् पिढ्या त्या कठड्यावर रंगाचे थर चढवले होते, आणि लेनोर कित्येक हिवाळे जिन्यावर उशी घेऊन बसून, बोथट सुरीने आणि दात घासण्याच्या ब्रशने, ते थर उतरवत होती. शेवटी खालून अक्रोडाचे लाकूड निघाले आणि त्यावर कोरलेली द्राक्षवेल निघाली. "कुणीतरी येऊन बघावं एवढंच," ती म्हणे. "मी नाही म्हणत माझं नाव घ्या. पण कुणीतरी हात लावून बघावं."

पाटी मिळण्यासाठी घराला डिसेंबरातील गृहदर्शनात, म्हणजे लोक तिकीट काढून गावातील जुनी घरे पाहतात त्या कार्यक्रमात, स्थान मिळवावे लागते, आणि गृहदर्शनात स्थान मिळण्यासाठी घराला एक कथा असावी लागते. बेकविथांच्या घराची कथा गावात सर्वांना ठाऊक होती: यादवी युद्धाच्या काळी, एका एप्रिल महिन्यात, जनरल अमोस ट्रिंबल माडीवरच्या चार खांबांच्या पलंगावर एक रात्र झोपले होते. दुर्दैवाने या आख्यायिकेवर एका अभ्यासकाने दीर्घ लेख लिहून सिद्ध केले होते की, जनरल त्या एप्रिलमध्ये कॅल्डर्स लँडिंगपासून पुष्कळ दूर, एका इस्पितळाच्या बोटीवर, जुलाबाने बेजार होऊन पडले होते. लेख माझा होता. लेनोरचा अर्ज मंडळाने दरवर्षी परत पाठवला आणि दरवर्षी त्यासोबत माझ्या लेखाची एक प्रत पाठवली. (लेखाचा एवढा प्रसार दुसऱ्या कोणीही केला नाही.)

त्या वर्षी यादीतून एक घर अकस्मात गळाले, कारण त्याच्या पाण्याच्या नळ्या थंडीने फुटल्या, आणि मंडळाच्या अध्यक्ष ऑगस्टा क्रेल स्वतः आमच्या ओसरीवर आल्या. क्रेलबाई उंच, ताठ आणि राखाडी हातमोजे घालणाऱ्या. त्यांनी आत येण्यास नकार दिला.

"या वर्षी घेऊन बघू," त्या लेनोरला म्हणाल्या. "नीट पार पडलं तर पाटीचं बोलू. नाही पडलं तर पुन्हा माझ्याकडं अर्ज पाठवू नका. पण प्रोफेसर गावात असले तरी चालतील, घरात नकोत."

"दर्शनाच्या दिवशी मालकांनी बाहेर जायचं, हा नियम सगळ्यांनाच आहे ना?" लेनोर म्हणाली.

"सगळ्यांना नियम आहे. प्रोफेसरांना अट आहे."

मी दाराआड उभा होतो. क्रेलबाईंना ते ठाऊक होते, असे मला वाटते.

गृहदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत लेनोरने आमची निजण्याची खोली जनरलची करून टाकली. माझा दिवा, माझी पुस्तके, माझ्या गोळ्या, सर्व काही पोटमाळ्यावर गेले. पलंगावर बेकविथांची ठिगळांची गोधडी आली, उशाशी गोंड्याची झोपायची टोपी आली, कपाटावर दाढीचा वस्तरा आला आणि दाराशी मखमली दोर आला.

"सकाळी बाहेर पडायचं ते दिवे मालवल्यावर परत यायचं," लेनोर म्हणाली.

"आणि रस्त्यात मला कुणी जनरलबद्दल विचारलं तर?"

"हवामानावर बोल."

"हवामानाच्या म्हणींवर खरं म्हणजे माझं एक—"

"वेंडेल. मग गप्प बस."

तिने स्वतःसाठी तिकीट काढले होते. तेही रांगेत उभे राहून, इतरांसारखे. आपल्याच घराची हकिगत दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची तिला इच्छा होती, आणि मी तिला वचन दिले की, त्या दिवशी माझ्या तोंडून एकही शब्द निघणार नाही.

सर्व अनर्थाचे मूळ मोज्यांत आहे. दिवसभरासाठी मला फ्लॉइड नेस्बिटच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवण्यात आले होते. फ्लॉइड माझा जुना मित्र. त्याच्या दुकानात शेगडीभोवती खुर्च्या आहेत आणि खिळे घेण्याचे निमित्त करून गावातील निवृत्त पुरुष तेथे बसतात. दुपारी मी त्याच्या पायरीवरून उतरलो आणि वितळत्या बर्फाच्या डबक्यात गुडघ्यापर्यंत गेलो.

"मोजे काढ आणि शेगडीवर टाक," फ्लॉइड म्हणाला.

"दुकानात गिऱ्हाईक आहे रे. मी घरून कोरडे घेऊन येतो."

"तुला घरबंदी आहे ना?"

"आत्ता सगळ्याजणी चर्चच्या तळघरात चिलीच्या जेवणाला गेल्यात. मागच्या जिन्यानं जातो. दोन मिनिटांचं काम."

"तुझं दोन मिनिटांचं काम मला माहीत आहे," फ्लॉइड म्हणाला. "मी तुझ्या व्याख्यानाला आलोय."

घर खरोखरच रिकामे होते. मी स्वयंपाकघरातून, मागच्या अरुंद जिन्याने, माडीवर गेलो आणि मखमली दोराखालून (प्रतिष्ठेला न शोभणाऱ्या रीतीने) माझ्याच खोलीत शिरलो. मोज्यांचा खण उघडला. त्यात मोजे नव्हते. लेनोरने ते माझ्या गोळ्यांबरोबर पोटमाळ्यावर पाठवले होते. पँट पोटरीला चिकटली होती. मी ती काढून खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातली, बूट पलंगाखाली सरकवले आणि लोकरी अंतर्वस्त्रांत क्षणभर पलंगाच्या कडेला टेकलो. पाय गार पडले होते म्हणून गोधडीत घातले. डोके गार पडले होते म्हणून टोपी घातली. यातील प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पाहिली असता समर्थनीय आहे.

जाग आली ती आवाजाने.

"...आणि याच पलंगावर, मंडळी, त्या वादळी रात्री थकलेल्या जनरलनी पाठ टेकली."

तो आवाज शेजारच्या डोरीन हॅस्केटचा होता. डोरीनने जन्मभर दुसरीच्या वर्गाला शिकवले होते, आणि आमच्या माडीवरची कथा सांगण्याचे काम तिला मिळाले होते. ती पलंगाकडे पाठ करून पाठ केलेले म्हणत होती. मी डोळे उघडले नाहीत.

"अगं बाई," एका प्रेक्षक बाईंचा आवाज आला. "आत कुणाला तरी निजवलंय."

डोरीन वळली असावी. मधल्या शांततेत मी तीस वर्षांच्या शेजाराचा हिशेब केला, आणि तो माझ्या बाजूने फारसा नव्हता. तिची शिडी अद्याप माझ्याकडे होती.

"हो," डोरीन म्हणाली. "हे या वर्षीच केलंय."

"मेणाचं आहे का?"

"मेणाचंच म्हणायचं."

"हुबेहूब केलंय हो. नाक तेवढं जरा जास्त झालंय."

"जनरलचं नाक तसंच होतं."

(उपलब्ध छायाचित्रांत जनरल ट्रिंबल यांचे नाक लहान आणि सुबक आहे. मी गप्प राहिलो.)

"आणि छाती वरखाली होतेय ती?"

"आत यंत्र आहे."

"ती पँट कुणाची?"

"जनरलची."

"तिला चेन आहे."

"ती नंतर बसवलीय. कापड मूळचं आहे."

मंडळी समाधानाने पुढच्या खोलीत गेली. डोरीन माझ्या कानाशी वाकली.

"प्रोफेसर, जिवंत आहात ना?"

"आहे. मी मागच्या जिन्यानं—"

"मागच्या जिन्यावर केक विकणाऱ्या बायका बसल्यात, आणि तुमच्या अंगात पँट नाही. पडून राहा. पुढची तुकडी क्रेलबाई स्वतः आणताहेत. लेनोर आहे त्यात."

तेवढ्यात पुढच्या जिन्यावर पावले वाजली आणि थांबली. क्रेलबाईंचा आवाज माडीपर्यंत स्वच्छ येत होता.

"इथं थांबा जरा. हा कठडा बघा. अक्रोड आहे. या वेलीवर सात थर रंग होता. घरच्या बाईंनी तो हातानं उतरवलाय. यंत्र लावलं असतं तर पानांच्या शिरा गेल्या असत्या. हातमोजे काढा आणि हात लावा."

हात लाकडावरून फिरल्याचा आवाज होत नाही. तरी मी तो ऐकला, असे म्हणण्याचा मोह मला होतो. लेनोर काही बोलली नाही. एवढ्या वर्षांच्या सहवासानंतर तिचे न बोलणे मला ओळखू येते, आणि त्याचे अनेक प्रकार आहेत. हा प्रकार मी फार कमी वेळा ऐकला होता. मी गोधडीखाली मुठी आवळल्या आणि ठरवले की, संध्याकाळपर्यंत मी मेणाचा आहे.

तुकडी दोरापाशी आली. लेनोर नेहमी चघळते त्या पेपरमिंटचा वास आला, म्हणजे ती पुढे होती. तिचा श्वास एकदा अडला.

"डोरीन," क्रेलबाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"प्रतिमा आहे, क्रेलबाई."

"मंडळाला कळवली नाही."

"आयत्या वेळी आली."

क्रेलबाई यावर काही बोलणार, तोच मागून एका पुरुषाने घसा साफ केला. पुढे कळले की ते सिनसिनाटीचे एक निवृत्त दंतवैद्य होते, त्यांचे नाव मर्लिन ओट्स.

"माफ करा," ते म्हणाले, "पण जनरल ट्रिंबल या गावात आलेच नव्हते. मी यावर एक लेख वाचलाय."

माझा लेख वाचलेला मनुष्य मला आयुष्यात प्रथमच भेटत होता, आणि मला डोळे उघडण्याची मुभा नव्हती.

"कुणाचा लेख?" लेनोरने विचारले. तिचा स्वर सपाट होता.

"स्ट्राउड का कोण. भयंकर कंटाळवाणा आहे, पण पुरावा पक्का. जनरल त्या वेळी इस्पितळाच्या बोटीवर होते. जुलाब लागले होते. मे महिन्यात."

कंटाळवाणा हा शब्द मी सोसला. तो मी पूर्वीही ऐकला होता. परंतु मे? मेमध्ये जनरल पूर्ण बरे झाले होते आणि घोड्यावरून थेट आमच्या परगण्यातून गेले होते. बोट मेमध्ये मानली, तर एप्रिल मोकळा पडतो. एप्रिल मोकळा पडला, तर बेकविथांची आख्यायिका खरी ठरण्यास कोणतीही आडकाठी उरत नाही आणि माझा लेख, ज्याचा एकमेव वाचक दोरापलीकडे उभा होता, कोसळतो. मी लेनोरचा विचार केला. कठड्याचा केला. पानांच्या शिरांचा केला. वचनाचाही केला. मी दातांत जीभ घट्ट धरली, आणि ती सुटली.

"एप्रिल," मी म्हणालो.



"जनरल झोपेत बोलायचे," डोरीन म्हणाली, पण तिच्या आवाजात आता जोर नव्हता.

ओट्स दोरावरून वाकले. "एप्रिल?"

एकदा वचन मोडल्यावर ते अर्धवट मोडण्यात अर्थ नसतो. "एप्रिलच्या अखेरपर्यंत," मी डोळे मिटूनच म्हणालो. "मे महिन्यात ते हिंडूफिरू लागले होते. तळटीप पाहा."

क्रेलबाईंच्या हातमोज्यांचा चामडी आवाज झाला. तो हात मुडपल्याचा होता. मला वाटले, संपले. पाटी गेली, आणि ती एका महिन्याच्या नावापायी गेली.

तेव्हा लेनोर बोलली. आवाज शांत होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"म्हणजे जनरल स्वतःच सांगताहेत की एप्रिलमध्ये ते इथं नव्हते?"

"तसंच दिसतंय," ओट्स म्हणाले.

"कुठं झोपून सांगताहेत?"

ओट्सनी पलंगाकडे पाहिले असावे. "इथंच."

"मग तुम्ही विश्वास कुणावर ठेवणार, लेखावर की पलंगावर?"

आधी एक बाई हसली, मग सगळीच तुकडी. ओट्स हसले नाहीत. ते विचार करत होते. "हा मुद्दा लेखात नाही," ते अखेरीस म्हणाले, आणि ते खरे होते.

तुकडी हलली. लेनोर मात्र दोरावरून वाकली, माझी टोपी नीट केली आणि कानाशी म्हणाली, "आता उठलास तर बघ."

मी उठलो नाही. बातमी मात्र उठली आणि गावभर गेली. बोलणारा जनरल पाहण्यासाठी रांग फाटकाबाहेर, तेथून फ्लॉइडच्या दुकानापर्यंत गेली. ज्यांनी एकदा पाहिले ते पुन्हा तिकीट काढून आले. प्रत्येक तुकडीत कोणीतरी दोरापाशी येऊन मुद्दाम मे म्हणे आणि मी एप्रिल म्हणे. फ्लॉइड तर दुकान बंद करून आला. 

"जनरल," तो म्हणाला, "मोजे मिळाले का?"

युद्धशास्त्रात याला उत्तर नाही. मी घोरलो.

उन्हे उतरू लागली तेव्हा पेपरमिंटचा वास पुन्हा आला. लेनोरने दुसरे तिकीट काढले होते. गोधडीच्या कडेखालून आल्याचे एक बिस्किट माझ्या हातात आले.

"चुरा पाडू नकोस," ती म्हणाली. "बेकविथांची गोधडी आहे."

दिवे मालवल्यावर आम्ही स्वयंपाकघरात क्रेलबाईंसमोर उभे राहिलो. माझी पँट एका बाजूने वाळली होती.

"प्रोफेसर, तुम्ही अट मोडली."

"मोडली."

"दोनदा मोडली. घरात आलात, आणि बोललात."

लेनोरने टेबलाची कड धरली होती. क्रेलबाईंनी हातमोजे काढले. मी त्यांचे हात प्रथमच पाहत होतो. बोटे लाकडाच्या धुळीने तपकिरी झाली होती.

"माणसं दरवर्षी घरं बघतात आणि गाडीपर्यंत जाईतो विसरतात," त्या म्हणाल्या. "आज परत परत रांगेत लागली. आणि पलंगाकडं जायचं तर जिना चढावा लागतो. प्रत्येकानं त्या कठड्याला हात लावलाय, लेनोर. दोन दोनदा. जनरल आले असतील, नसतील. कठडा आहे. पाटी मिळेल."

लेनोर मोरीकडे वळली आणि आधीच स्वच्छ असलेला कप धुऊ लागली. तिने तो बराच वेळ धुतला.

पाटी वसंतात आली. तिच्यावर लिहिले आहे: बेकविथांचे घर. जिन्याचा कठडा मूळचा. आमचे नाव नाही.

"लागेल," लेनोर पाटी पुसत म्हणाली. "मेल्यावर लागेल. घाई काय आहे?"

पुढच्या गृहदर्शनासाठी मंडळाने जनरल कायम ठेवण्याचा ठराव केला. त्या भूमिकेसाठी नावे मागवण्यात आली, आणि अनुभवाच्या आधारे मीही नाव दिले. मंडळाने माझा विचार केला. त्यांचे मत असे पडले की, माझे नाक जनरलसारखे नाही, आणि मी फार बोलतो. फ्लॉइडची निवड झाली. मालकाने घरात थांबू नये हा नियम मला लागू होताच, आणि फ्लॉइडचे दुकान उघडे ठेवायला कोणीतरी हवे होते.

त्या डिसेंबरात फ्लॉइड माझ्या पलंगावर, माझ्या जागी, टोपी घालून निजला. लेनोरने तिकीट काढले. मी फ्लॉइडच्या गल्ल्यामागे, कोरडे मोजे घालून बसलो. दुपारी एक गृहस्थ बिजागऱ्या घ्यायला आले.

"बेकविथांकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "जनरल बघितला."

"काय बोलला?" मी विचारले.

"मे," ते म्हणाले.

मी त्यांच्या बिजागऱ्या कागदात बांधून दिल्या.